शेवंतीच्या तोंडातलं लोखंड काढल्यावर

११ जानेवारी २०२४, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेचा दुसरा दिवस. आप्पांनी शेवंती ही घोडी पसंत केली तेव्हा मी तिचे खूर बघितले, पाठ बघितली, चाल बघितली. तोंड उघडून बघावं हे सुचलं नाही. नुकरी घोडी, म्हणजे पांढरीशुभ्र आणि नाका-ओठांची कातडी गुलाबी. वरातीत नाचवलेली. विकणाऱ्याच्या पोरानं हलगी वाजवली आणि ती जागच्या जागी पुढचे पाय उचलून नाचायला लागली. माणसं जमली. मलाही ते नाचणं फार देखणं वाटलं. हे आधीच सांगते, कारण पुढं तिच्या तोंडात लोखंड न घालता तिला चालवायला शिकताना जे घडलं त्याचं मूळ त्या नाचण्यातच होतं.

सौदा एक लाख अठरा हजारांवर पटला. वय सहा वर्षं सांगितलं. बाजाराची पावती घेतली. यात्रेतल्या पशुवैद्यकांकडून वाहतुकीसाठी आरोग्य दाखला घेतला. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे तो लागतोच आणि रस्त्यात एकदा विचारलाही गेला. पिकअपचे साडेचार हजार झाले. गाडीत वाळू आणि वर कडबा पसरायला सांगितलं होतं, म्हणून घसरली नाही. रात्री अकराला गंगाखेडच्या अलीकडं आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, उतरवली.

आमच्या घरात आजोबांच्या काळापर्यंत घोडं होतं. आप्पांची हौस जुनी, पण गुडघे गेलेले. पुण्यात शिकताना मी दोन वर्षं घोडेस्वारीच्या क्लासला जायचे, म्हणून बसायचं मी आणि बाकी सगळं बघायचं त्यांनी, असं ठरलं होतं.

पहिला महिना बसणं दूरच राहिलं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी केलेली नव्हती. हा रोग माणसालाही होतो आणि घोडं बाधित निघालं तर कायद्यानं त्याला दयामरण द्यावं लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात अर्ज दिला, पावतीची आणि आधारची झेरॉक्स जोडली, चार दिवसांनी रक्ताचा नमुना घेतला गेला. अहवाल यायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस तिला वेगळं बांधलं, पाण्याची बादली वेगळी ठेवली, शाळेतून आल्यावर मी तिच्याजवळ जायचे आणि परत आले की आधी हात धुवायचे. अहवाल चांगला आला तेव्हा आप्पांनी खंडोबाला नारळ फोडला. घोडं घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. ही तपासणी सौदा पटण्याआधी मागा. आम्ही ती नंतर केली आणि एकोणीस रात्री धड झोपलो नाही.

त्या दिवसांतच तिचं तोंड नीट बघायला मिळालं. डाव्या ओठाच्या कोपऱ्यात जुनी, टणक झालेली पांढरी खूण होती. सोबत मिळालेल्या लगामाचं कडियाळ काटेरी होतं. कडियाळ म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग. जिभेकडच्या बाजूनं त्याला दाते होते. असलं दातेरी कडियाळ वापरायला प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, ओझ्याच्या जनावराला तशी स्वारीच्या जनावरालाही. आप्पांनी ते हातात फिरवून बघितलं, काहीच बोलले नाहीत, आणि तुकडे करून भंगारात घातलं. मग साधं, मधे सांधा असलेलं गुळगुळीत कडियाळ आणलं. ते दाखवलं तरी शेवंती मान वर फेकायची, दात घट्ट मिटायची. कसंबसं घातलं की तोंड उघडं टाकून जीभ बाहेर काढायची.

६ फेब्रुवारीला तिला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. सकाळी आठला निघालो, केसपेपर काढला, नंबर साडेअकराला आला. गुंगीचं इंजेक्शन देऊन, तोंड उघडं ठेवणारी चौकट लावून डॉक्टरांनी आत बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे रिकामी हिरडी असते. कडियाळ तिथंच बसतं. वर पातळ कातडी आणि खाली लगेच हाडाची धार, मधे मांसाची गादी नाही. शेवंतीची ती जागा दोन्हीकडं सुजलेली होती, उजवीकडं बोटभर जखम होती. शिवाय दाढांच्या कडा धारदार झालेल्या. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांना गालाच्या बाजूनं आणि खालच्यांना जिभेच्या बाजूनं धार येते. त्या कानसून काढल्या. दातांवरून वय दहाच्या आसपास निघालं. औषधांसह साडेतेराशे रुपये खर्च झाला. डॉक्टरांनी सांगितलं, किमान पाच आठवडे तोंडात काहीही घालायचं नाही.

"आणि पाच आठवड्यांनी?" मी विचारलं.

"बघा. ती सांगेल."

त्या वाक्यानं मी विचारात पडले. जिथं जखम झाली तिथंच पुन्हा लोखंड ठेवायचं, हे मनाला पटेना. कडियाळाशिवाय घोडं चालवतात एवढं ऐकून माहीत होतं. उडी मारण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींत तसा लगाम चालतो, ड्रेसाजमधे, म्हणजे ठरलेल्या चाली करून दाखवायच्या स्पर्धेत, चालत नाही, हे पुण्यात कानावर आलं होतं. पण आमच्या भागात कोणी केलेलं दिसेना. वरातीच्या घोड्या पाळण्यात ज्यांचं आयुष्य गेलं असे एक मामा आमच्या गावात आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "लगाम तोंडात नाय तं घोडं थांबायचं कशानं, अक्का? रस्त्यावर ट्रक आला म्हंजे काय करशील?" प्रश्न रास्त होता. मी तो वहीत लिहून ठेवला आणि पुढचे दहा महिने त्याचं उत्तर शोधत राहिले.

आधी कोणता लगाम घ्यायचा हे ठरवायचं होतं. ऑनलाइन दोन हजार चारशेला एक हॅकमोर, म्हणजे कडियाळाशिवायचा एक लगाम, दिसला, दोन्ही बाजूंना लांब लोखंडी दांड्या असलेला. मी तो जवळजवळ मागवला होता. मग लक्षात आलं की ती दांडी म्हणजे पहार. हातानं थोडं ओढलं की नाकावर आणि हनुवटीखाली त्याच्या कितीतरी पट दाब. तोंडातला त्रास काढून नाकावर ठेवायचा असेल तर एवढा खटाटोप कशाला? साइडपुल नावाचा प्रकार त्यामानानं सरळ आहे. नाकावर एक पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना कड्या, कड्यांना लगामाच्या वाद्या, म्हणजे हातात धरायचे पट्टे. डावी वादी ओढली की नाक डावीकडं वळतं, मधे तरफ नाही. परभणीत चामड्याचं काम करणाऱ्या एका काकांना मोरखीचं, म्हणजे तिच्या तोंडाभोवती बांधायच्या दोरीचं, माप आणि वहीवर काढलेलं चित्र दिलं. साडेआठशे रुपये. "चार दिवसांत देतो" म्हणाले, नऊ लागले, पण टाके असे घातले होते की आतल्या बाजूला एकही गाठ नव्हती.

नाकपट्टी कुठं बसते यावर फार काही अवलंबून आहे. घोड्याच्या गालावर हाडाची जी उभट कड हाताला लागते, ती जिथं संपते तिथून दोन बोटं खाली पट्टी यावी. त्याहून खाली नाकाचं हाड निमुळतं आणि पातळ होत जातं, पुढं नुसता मऊ भाग. घोडं तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, नाकपुड्या हीच त्याची एकमेव वाट. पट्टी खाली सरकली तर आपण त्याचा श्वास दाबतो. आणि पट्टी-नाकामधे दोन बोटं सहज शिरली पाहिजेत.

२० फेब्रुवारीपासून रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा मी जमिनीवरूनच काम केलं. शाळा असल्यामुळे दुसरी वेळ नव्हतीच, आणि मार्चनंतर आमच्याकडं ऊनही दुसरी वेळ ठेवत नाही. नवी नाकपट्टी येईपर्यंत मोरखीवर, मग पट्टीवर. काम दिसायला अगदी किरकोळ. दोरीवर बोटांनी हलका दाब द्यायचा आणि थांबायचं. तिनं मान तसूभर खाली घेतली की त्याच क्षणी दोरी सैल. घोडं दाबानं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणानं शिकतं. हे मला पुण्यात शिकवलेलं होतं, पण त्याचा अर्थ मला हरभऱ्याच्या रिकाम्या रानात उभं राहून कळला. मी सोडायला एक श्वास जरी उशीर केला तरी शेवंती डोळे मोठे करून मान फेकायची. तोंडात काही नव्हतं, तरी दुखण्याची वाट बघत होती.

दुसरी अडचण वेगळी होती. थांबवण्यासाठी दोन्ही वाद्या ओढल्या की ती नाचायला लागायची. लगाम वर खेचून, काटे टोचून, तिला ते शिकवलेलं होतं. ओढ म्हणजे थांब, हे तिच्या लेखी कधी नव्हतंच. ओढ म्हणजे पाय उचल. ज्या दिवशी हे उमगलं त्या दिवशी मी काम थांबवलं, तिच्या मानेला हात लावून बराच वेळ उभी राहिले. यात्रेतला तो नाच डोळ्यांपुढून हलेना.

मग थांबण्यासाठी नवी खूण ठरवली. आधी मी स्वतः चालायची थांबायचे, श्वास सोडायचे, आणि बैलांना म्हणतो तसं "होऽ" म्हणायचे. वादी अगदी शेवटी, तीही एकाच बाजूची. बारा-तेरा दिवसांत ती नुसत्या श्वासावर थांबायला लागली. त्यासोबत उभ्या उभ्या मान वळवणं, डावीकडं आणि उजवीकडं, नाक माझ्या कोपरापर्यंत. उजवीकडं तिला जड जायचं, जखमेची बाजू. तिकडं मी दुप्पट वेळ दिला. ज्यांच्या घोड्याचं तोंड निरोगी आहे त्यांना आणखी सोपा रस्ता आहे. जुनं साधं कडियाळ आणि नाकपट्टी दोन्ही घालून, दोन जोड वाद्या हातात धरून, हळूहळू सगळं काम नाकपट्टीच्या वादीवर आणायचं. आमच्याकडं ती सोय नव्हती.

१७ मार्चला, रविवारी, पहिल्यांदा बसले. बांबू रोवून पन्नास-पंचावन्न फुटांचं गोल रिंगण केलं होतं. लांब दोरी आप्पांच्या हातात. डोक्यावर हेल्मेट, स्वारीचंच, बावीसशे रुपयांचं. त्यात काटकसर करू नका. अकरा मिनिटं चाललो, चार वेळा थांबलो. उतरल्यावर शेवंतीनं जबडा हलवत मोठी जांभई दिली. आप्पा म्हणाले, "मोकळी झाली बग."

पुढचा महिना चांगला गेला. रिंगणात चाल, मग दुडकी, मग रिंगणाबाहेर पांदीनं, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेनं. मी निर्धास्त झाले. ते लवकर झालं.

२१ एप्रिल. आमच्याकडं २६ ला लोकसभेचं मतदान होतं, प्रचाराच्या गाड्या फिरत होत्या. सकाळी सातला डांबरी रस्त्याच्या कडेनं परत येत असताना मागून भोंगा लावलेली गाडी आली आणि तिच्यावर हलगी सुरू झाली. शेवंती आधी जागेवर नाचली. मी घाबरले आणि दोन्ही वाद्या पोटापर्यंत खेचल्या. ती उधळली. किती ओढलं ते आठवत नाही. एवढंच आठवतं की ओढत होते तोवर ती वेगच घेत होती. मग बाजूला नांगरलेलं रान दिसलं. डावा हात सोडून दिला, उजवी वादी बाजूला उघडून धरली आणि मोठ्या वळणानं तिला रानात घेतलं, वळण हळूहळू लहान करत. ढेकळांत तिचा वेग तुटला. तिसऱ्या फेऱ्याला ती चालीवर आली आणि मी घसरून खाली पडले. खांदा मुरगळला, पण हाड वाचलं. हे वळण भरधाव वेगात एकदम द्यायचं नसतं, घोडं कोलमडतं. उभ्यानं आणि चालीवर शेकडो वेळा केलेलं असेल तरच ऐन वेळी हाताला सुचतं.

घरी येऊन पट्टी काढली. तिच्या गुलाबी नाकावर कातडी सोलून निघाली होती, करंगळीएवढी, ओली. ती जखम माझ्या हातानं केली होती. तोंडात लोखंड नव्हतं, काटे नव्हते, तरी झाली. बिटलेस, म्हणजे कडियाळाशिवायचा लगाम, आपोआप दयाळू असतो, असं मी तोवर धरून चालले होते. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आप्पा बाजेवर बसून होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ती घाबरली तं कामून ओढायलीस, माय? घाबरलेल्याला कुणी ओढतं का?"

जखम भरायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात मी पट्टीला आतून जुन्या सुती गोधडीचा मऊ पदर शिवला, दोन पदर केले म्हणजे एक रोज धुता येतो. घामानं कडक झालेलं कापड चामड्यापेक्षा वाईट घासतं. नुकऱ्या घोड्यांची कातडी उन्हानंही भाजते, त्यामुळे मे महिन्यात पट्टी फक्त पहाटे, आणि दिवसा कडुलिंबाखाली सावलीत.

मृग लागला आणि काळ्या मातीत पाय रुतायला लागले. दोन महिने बसणं जवळपास बंदच होतं, पण वाया गेले नाहीत. गोठ्यात मोबाइलवर ढोलकी लावायची, इतकी बारीक की आधी तिचे कान हलावेत, पाय नाही. पाय शांत राहिले की मूठभर भिजवलेले हरभरे. दोन-तीन दिवसांनी आवाज जरा वाढवायचा. पाय उचलला की रागवायचं नाही, आवाज कमी करून मागच्या पायरीवर यायचं. जुलैअखेर मी गावातल्या पोरांना खरी हलगी घेऊन पन्नास पावलांवर उभं केलं. ऑगस्टमधे वीस पावलांवर. त्याच्या आत तिला अजून जमत नाही आणि मी घाई करत नाही. या दोन महिन्यांत मी स्वतःवरही काम केलं. खोगिरावर बसून, आप्पांच्या हातातल्या दोरीवर, वाद्या गाठ मारून मानेवर ठेवायच्या आणि हात मांड्यांवर. तोल वाद्यांवर टाकायची माझी सवय पुण्यापासूनची होती, क्लासच्या घोड्यांनी ती मुकाट सोसली होती.

नाल बदलायला येणाऱ्या चाचांनी सप्टेंबरमधे एक गोष्ट दाखवली, जी मला दिसली नव्हती. तिच्या पुढच्या पायांचे नाल आता सगळीकडं सारखे झिजत होते. आधी समोरचा भाग लवकर जायचा. "मान खाली घेऊन चालती आता, बेटी," म्हणाले.

१२ ऑक्टोबरला दसरा. सकाळी तिला आंघोळ घातली, हळदीकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. संध्याकाळी सीमोल्लंघनाला शिवेपर्यंत तिच्यावर बसून गेले. देवळापाशी वाजंत्री होती, म्हणून त्या बाजूनं न जाता पांदीनं गेले. शिवेवर मामा भेटले. शेवंतीचं तोंड हातात धरून ओठ वर केला, ओठाचा कोपरा बघितला, आतली हिरडी बघितली.

"ट्रक आला तं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"उतरते, मामा. आधीच उतरते."

ते काही बोलले नाहीत. आपट्याची पानं हातावर ठेवली आणि पुढं गेले. त्यांच्या प्रश्नाचं माझ्याजवळ आजही एवढंच उत्तर आहे. तोंडात लोखंड असतानाही उधळलेलं घोडं माणसाच्या ताकदीनं थांबत नाही. पण म्हणून रहदारीत नेण्याचं धाडस मी करत नाही. डांबरी रस्ता ओलांडायचा तर पायउतार होऊन, हातात धरून.

खर्चाचं विचाराल तर पट्टी, हेल्मेट, दवाखाना, मलम आणि बांबू मिळून वर्षात सहा हजारांच्या आसपास गेले, खाणं आणि नाल वेगळे. वेळ किती लागेल हे कुणी विचारलं तर मी आकडा देत नाही. शांत, तोंड न दुखावलेल्या घोड्याला कदाचित एक महिना पुरेल. आम्हाला चौखूर धावणं अजून रिंगणातच जमतं.

तुळशीचं लग्न झालं आणि वराती पुन्हा सुरू झाल्या. ८ डिसेंबरला रानातून येताना लांबून बँड ऐकू आला. मी उतरले, पट्टी एक भोक सैल केली आणि तिला बांधाच्या आत घेऊन उभी राहिले. वरात रस्त्यानं जात होती. पुढं नुकरी घोडी, तिच्यावर नवरदेव, लगाम वर खेचलेला. शेवंतीनं उजवा पाय उचलला. मी श्वास सोडला. तिनं पाय खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. वरात वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.